तिसरा वाटा

भर उन्हाळ्यात, रोहिणी लागलेली असताना, टळटळीत दुपारी तुम्हाला कधी थंडीने हुडहुडी भरलीय का, कुसुमताई?

नसेल भरली. मला भरली होती. परवा तुम्ही माझ्या गेटवर किल्ली आपटून हाक मारलीत आणि माझ्या हातातला चहा सांडला, तेव्हा तुम्ही हसलात. आता करंट गेलाय, दिवा लावलाय, तुम्हालाही घरी जायची घाई दिसत नाही, म्हणून सांगते. लोखंडावर किल्ली वाजली की मी दचकते असं तुम्हाला वाटतं. तसं नाही. मी थांबते. पुढचा आवाज येतो का, ते ऐकत थांबते.

ते साल वाटणीचं होतं. राज्याची दोन राज्यं व्हायची होती, आणि दोन जूनचा दिवस ठरलेला होता. सगळ्या हैदराबादेत तेव्हा एकच हिशेब चालला होता, अठ्ठावन्न आणि बेचाळीस. शंभरातले अठ्ठावन्न आंध्राचे, बेचाळीस तेलंगणाचे. खुर्च्या तशा, कपाटं तशी, जीपगाड्या तशा. आमच्या ऑफिसात कुणी चहाची किटली उचलली तरी दुसरा म्हणायचा, “जरा बघून ओता, अठ्ठावन्न-बेचाळीस झालं पाहिजे.”

आमचं ऑफिस छोटंच. बरकतपुऱ्याच्या एका आतल्या गल्लीत, तळघर धरून तीन मजले. राज्यातल्या रक्तपेढ्यांची नोंद तिथल्या कॉम्प्युटरमध्ये असायची. कुठल्या गावी कोणत्या गटाचं किती रक्त आहे, कोणत्या पेशंटसाठी राखून ठेवलंय, सगळं त्यात. दवाखान्यातून मागणी आली की आमचा सर्व्हर नंबर द्यायचा, आणि तो नंबर मिळाल्याशिवाय एकही पिशवी जागची हलायची नाही. फोनवर सांगून रक्त द्यायचं नाही, हा नियम होता. कधीकाळी फोनवर ऐकण्यात चूक होऊन भलत्याच गटाची पिशवी निघाली होती म्हणे. नशीब, ती वेळेत अडवली.

मी तिथे अटेंडर. माणसांना पाणी देणं, फायली नेणं, तळघरातल्या सर्व्हर रूमची झाडलोट. मराठी शाळेतून मॅट्रिक झाले होते, त्यापुढे नाही. पण त्या खोलीत माझं आणखी एक काम होतं, आणि ते मला शंकरराव साहेबांनी दिलं होतं.

शंकरराव म्हणजे तिथले मुख्य. हैदराबादचंच जुनं मराठी घराणं, पणजोबांपासून सगळे सरकारी नोकरीत. उंच, किडकिडीत, मानेपर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, आणि अंगाला खसाच्या अत्तराचा वास. मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण हुशारीची इतकी काळजी घेणारा माणूस दुसरा पाहिला नाही. सर्व्हरचं एक साधं सेटिंग बदलायचं असलं तरी ते एकट्याने हात लावायचे नाहीत. त्यांची पद्धत अशी की, एकाने मोठ्याने बोलायचं: सेटिंगचं नाव, जुना आकडा, नवा आकडा. दुसऱ्याने ते जसंच्या तसं परत म्हणायचं. मगच बटण दाबायचं. एका वेळी एकच सेटिंग, आणि ते नीट बसलंय असं दिसेपर्यंत दुसऱ्याला हात नाही.

एकदा दुसरं कुणी नव्हतं तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

“साहेब, मला यातलं काय समजतंय?” मी म्हटलं.

“समजायचं नक्को, प्रमिलाबाई. फक्त ऐकायचं आणि तसंच म्हणायचं. समजणारा माणूस मध्ये आपलं घालतो.”

“पण मग माझा काय उपयोग?”

“एकटा माणूस असला की हात डोक्याच्या पुढे पळतो. तुम्ही बसलात की माझा हात बसतो. इतकाच उपयोग. हौ म्हणा.”

मी हौ म्हटलं. तेव्हापासून मीच ती दुसरी.

पुढे सर्व्हरच्या कामाला पद्मावती मॅडम आल्या, नल्लकुंट्याला राहणाऱ्या, वयाने माझ्या सुनीतापेक्षा थोड्याच मोठ्या. त्या बोलायच्या, मी परत म्हणायची, आणि शंकरराव सर्व्हरच्या लोखंडी कपाटाच्या मागे उभे राहून दिवे बघायचे. एसीच्या घरघरीत मागून त्यांचा आवाज पुढे यायचा नाही. म्हणून ते कपाटाच्या मागच्या दाराची किल्ली लोखंडावर वाजवायचे. दोन ठोके म्हणजे ठीक आहे, पुढे चला. एक ठोका म्हणजे थांबा. तीन माणसं, दोन आवाज आणि एक किल्ली. ते काम चाललेलं असताना मला देवळात बसल्यासारखं वाटायचं, आणि आम्ही तर देवळात जाणाऱ्यांतले नाही.

त्या वर्षी उन्हाळा लागायच्या आधी शंकरराव गेले. रात्री जेवून झोपले, सकाळी उठलेच नाहीत. ती किल्ली मात्र सापडली नाही. ऑफिसात शोधली, त्यांच्या घरच्यांनी कपडे, ड्रॉवर, सगळं पाहिलं. तेव्हापासून कपाटाचं मागचं दार बंदच राहिलं. कुलूप तोडायचं कुणाच्या जिवावर आलं कोण जाणे, पण तोडलं नाही.

आता सुनीताचं सांगते. सुनीता माझी एकुलती एक लेक, नववा महिना भरत आलेला. मूल आडवं होतं, ऑपरेशन करायचं ठरलं. आणि तेव्हा कळलं की तिचं रक्त नेहमीच्या कुठल्याच गटात बसत नाही. हजारोंत एखाद्याचं असतं तसं. दुसरं कुठलंही रक्त तिला चालणार नव्हतं. शोधता शोधता कर्नूलला तसा एक माणूस निघाला. कधी न पाहिलेल्या लेकीसाठी त्याने रक्त दिलं. ती पिशवी कर्नूलच्या रक्तपेढीत सुनीताच्या नावाने राखून ठेवलेली होती. ऑपरेशन सोमवारी सकाळी, हैदराबादेतल्याच कोठीच्या प्रसूतिगृहात. पहाटे नंबर निघाला की गाडी कर्नूलहून निघणार.

सोमवार म्हणजे दोन जून. रविवार संपला की कर्नूल आंध्रात आणि कोठी तेलंगणात.

आणि रविवारीच सर्व्हरची वाटणी होती. आंध्रासाठी नवं मशीन यायचं होतं, ते आलं नव्हतं. तेव्हा असं ठरलं की जुन्याच मशीनवर दोन डेटाबेस ठेवायचे, एक यांचा, एक त्यांचा. वरून हुकूम आला होता की मशीनची मेमरीसुद्धा अठ्ठावन्न-बेचाळीस करायची.

शनिवारी सुनीता दवाखान्यात दाखल झाली. मी तिच्या पायाशी बसले होते. ती म्हणाली, “आई, इथे माझे पाय दाबून काय होणार? माझं रक्त तुझ्या त्या कपाटात अडकलंय. तू तिकडे जा.”

हसत म्हणाली. पण माझा हात सोडला नाही बराच वेळ.

रविवारी जेवणाचा डबा, ताकाची बाटली आणि शाल घेऊन मी ऑफिसला गेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर वितळून चपलेला चिकटत होतं. वर पहाऱ्यावर दत्तोबा एकटा, ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेला. पायऱ्या उतरले तसा उन्हाचा आवाज, म्हणजे तो माश्यांचा, पत्र्याचा, लांबच्या रिक्षाचा, सगळा वर राहिला. खाली दोन दारं. पहिलं उघडून बंद केलं की मग दुसरं. आत खिडकी नाही. एसीची घरघर, पंख्यांची सूं सूं आणि हाडात शिरणारा गारवा. त्या खोलीला कसलाच वास नसायचा. त्या गारव्यात वास टिकतच नाही.

पद्मावती मॅडम आधीच बसल्या होत्या. स्वेटर घातलेला, केस वर बांधलेले, समोर तिखट शेंगदाण्यांची पुडी.

“या अक्का. सुनीता कशी आहे?”

“बरी आहे. मला हाकलून दिलं.”

“शहाणी आहे. आपण पाच वाजेपर्यंत संपवू, मग मीच तुम्हाला कोठीला सोडते. परेशान होऊ नका.” मग खुर्ची ओढून घेत म्हणाल्या, “सर असते तर आज बरं झालं असतं.”

मी शाल घेतली आणि माझ्या स्टुलावर बसले. डेटाबेसचे दोन भाग करायचं काम त्यांनी आदल्या दिवशीच केलं होतं. आता सेटिंगं राहिली होती.

“आंध्राचा डेटाबेस. एका वेळच्या जोडण्या. जुने तीनशे, नवे दोनशे.”

मी तसंच परत म्हटलं. त्यांनी बोट उचललं.

टक् टक्.

लोखंडावर. मागून.

मॅडमचं बोट हवेतच राहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“एसीचा पत्रा असेल,” त्या म्हणाल्या.

“हौ मॅडम. पत्रा.”

त्यांनी बटण दाबलं. थोडं थांबलो. सगळं नीट होतं.

“तेलंगणाचा डेटाबेस. एका वेळच्या जोडण्या. जुने तीनशे, नवे दीडशे.”

मी म्हटलं. या वेळी आम्ही दोघीही थांबलो. कशासाठी थांबलोय ते दोघींनाही ठाऊक होतं.

टक् टक्.

आणि मग मला वास आला. आधी वाटलं, माझ्या शालीचा असेल, पेटीतला. पण पेटीत मी कडुनिंबाचा पाला ठेवते. हा खसाचा होता. ओलसर, गार, माठाजवळ उभं राहिल्यासारखा.

कुसुमताई, आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. माझ्या वडिलांनी नांदेडकडचं गाव सोडताना तिथली सगळी भीती तिथेच सोडली, असं ते सांगायचे. मेलेला माणूस उठत नाही, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. तरी त्या स्टुलावर बसून मी मनात त्रिशरण म्हणायला लागले. बुद्धं सरणं गच्छामि. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मॅडमनी पुढची दोन-तीन सेटिंगं वाचली. प्रत्येकाला दोन ठोके. त्यांचा आवाज आता हळू झाला होता, पण थरथरत नव्हता. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. माझी बोटं शालीत थिजली होती, आणि ही मुलगी मात्र समोर बघून काम करत होती.

मग मेमरी आली.

“आंध्राचा डेटाबेस. मेमरी. जुने शंभर, नवे अठ्ठावन्न.”

मी परत म्हटलं.

टक्.

आम्ही वाट पाहिली. दुसरा आला नाही.

“मॅडम…” मी म्हटलं. “एकच…”

“ऐकलं मी.” त्यांनी डोळे मिटले, उघडले. “अक्का, हुकूम आहे. उद्या दोन्हीकडचे लोक तपासायला येणार. एकाला एक आकडा कमी दिसला तर कोर्टात जातील. मी काय सांगू त्यांना? पत्रा वाजला म्हणून?”

त्यांनी दाबलं. मग तेलंगणाचे बेचाळीस वाचले. मी म्हटलं. पुन्हा एकच ठोका, या वेळी जरा जोरात. त्यांनी तेही दाबलं, आणि दोन्ही डेटाबेस बंद करून नव्याने सुरू केले.

मग सोमवारच्या सकाळी जशी गर्दी होईल तशी खोटी गर्दी त्यांनी मशीनवर सोडली. शेकडो दवाखाने एकदम रक्त मागतायत असं दाखवायचं. सुरुवातीला मागण्या भराभर पार पडत होत्या. मग हळू. मग आणखी हळू. कपाटातले हिरवे दिवे नेहमी लुकलुकतात, ते आता लुकलुकेनात. नुसते जळत राहिले, पापणी न हलवणाऱ्या डोळ्यांसारखे. आतून डिस्कचा खरखर आवाज येऊ लागला, कुणीतरी अंधारात भांड्यांत काही शोधतंय आणि सापडत नाहीये असा. मॅडमनी काहीतरी टाइप केलं. अक्षर उमटलं नाही.

“अय्यो…” त्या म्हणाल्या, अगदी हळू.

आणि तेवढ्यात करंट गेला.

मशीनला बॅटरी होती, ती चालू राहिली. दिवे आणि एसी बॅटरीवर नव्हते. घरघर थांबली आणि खोलीचा आवाज एकदम सोलल्यासारखा झाला. काळोख. वर दुपारचं ऊन तळपत असेल, आणि खाली आमच्यापुढे नुसते ते न मिटणारे हिरवे ठिपके आणि स्क्रीनचा निळसर चौकोन. त्यात मॅडमचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा. एसी बंद, तरी गारवा कमी होईना. उलट कपाटाच्या मागून तो पायांशी सरपटत येत होता. आणि त्या शांततेत, मशीनच्या खरखरीपलीकडे, कुणीतरी श्वास घेत होतं. घाई नाही. काम बघत उभं असलेल्या माणसासारखं.

“अक्का,” मॅडम कुजबुजल्या, “माझा हात धरा.”

मी धरला. बर्फ होता.

“मी तुम्हाला सांगते, तुम्ही फक्त ऐका. मोठ्याने बोलले की मला सुचतं. मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. हाताशी लागणारं सामान ओट्यावर. डिस्क म्हणजे वरची फळी. ओटा भरला की एक डबा फळीवर ठेवायचा, दुसरा काढायचा. मग तो ठेवायचा, पहिला काढायचा. सगळा वेळ ठेवण्या-काढण्यात. आत्ता तेच चाललंय, म्हणून खरखर.” त्या थांबल्या. “पण ओटा का भरला? अठ्ठावन्न आणि बेचाळीस… किती झाले?”

“शंभर.”

“शंभर. सगळा ओटा दोघींनी वाटून घेतला.” त्यांनी माझा हात दाबला. “आणि शेगडी कुठे ठेवायची, अक्का? मशीनला स्वतःला काम करायला जागा लागते. आम्ही त्याला काहीच ठेवलं नाही. सगळं वाटून टाकलं. खुर्च्यांसारखं.”

मी अंधाराकडे बघत होते. श्वासाचा आवाज थांबला होता. ऐकणारा माणूस श्वास धरतो तसा.

“आधी मशीनचा वाटा काढायचा. चौदा. मग उरलेल्या शहाऐंशीचे अठ्ठावन्न-बेचाळीस. म्हणजे पन्नास आणि छत्तीस. हिशेब तोच राहतो. कुणी बोट दाखवू शकत नाही.” स्क्रीनच्या त्या निळसर उजेडात त्या हसल्या, आणि मला एकदम शंकरराव आठवले. अवघड गाठ सुटली की तेही असेच, ओठांच्या एका कोपऱ्यातून हसायचे.

अडकलेल्या मशीनवर त्यांनी एकेक अक्षर टाइप केलं. अक्षर उमटायला इतका वेळ लागायचा की मला वाटायचं, आता नाहीच. त्यांनी घाई केली नाही. आधी ती खोटी गर्दी थांबवली. मग पाठ ताठ केली.

“आंध्राचा डेटाबेस. मेमरी. जुने अठ्ठावन्न, नवे पन्नास.”

मी परत म्हटलं. अक्षर चुकू दिलं नाही.

टक् टक्.

“तेलंगणाचा डेटाबेस. मेमरी. जुने बेचाळीस, नवे छत्तीस.”

टक् टक्.

डेटाबेस पुन्हा सुरू झाले. खरखर ओसरली. एक दिवा लुकलुकला, मग दुसरा, मग सगळं कपाट चांदण्यासारखं लुकलुकायला लागलं. मॅडमनी पुन्हा तीच गर्दी सोडली. मागण्या सरसर पार पडल्या. त्यांनी माझा हात सोडला आणि तोंडावरून पदर फिरवावा तशी स्वेटरची बाही फिरवली.

भीती होतीच. पण त्या क्षणी मला रडू येण्याइतकं बरंही वाटलं. मेलेला माणूस आणि जिवंत माणूस मिळून एक काम नीट करतायत, हे मी बघत होते. मग मी मनातल्या मनात बोलले. ओठसुद्धा हलवले नाहीत. म्हटलं, साहेब, माझ्या सुनीताचं रक्त येईल ना?

टक्.

मॅडम वळल्या. “आता कशाला? मी तर काही बोललेच नाही.”

“मी बोलले,” मी म्हटलं. “मनात…”

“काय बोललात?”

मी सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग वळल्या आणि तेलंगणाच्या बाजूने सुनीताचं नाव घातलं. कोठीचा दवाखाना उद्या घालेल, तसंच.

काही मिळालं नाही. त्यांनी पुन्हा घातलं. नाही. आंध्राच्या बाजूने पाहिलं, तर पिशवी तिथे होती. कर्नूल, सुनीताच्या नावाने राखीव.

“या बाजूने त्या बाजूकडे मागायचं सेटिंग,” त्या म्हणाल्या, “बंद आहे. वाटणी केली की ते आपोआप बंदच येतं. हुकमात वाटायचं कसं ते होतं, अक्का. मागायचं कसं, ते कुणी लिहिलंच नाही. आणि माझ्या लक्षात आलं नाही.”

म्हणजे पहाटे दवाखान्याने नाव घातलं असतं आणि मशीनने सांगितलं असतं, अशी पिशवी नाही. मॅडम पुन्हा वाचू लागल्या, आणि मला परत म्हणायचं होतं.

“आंध्राकडून मागणी. जुने बंद, नवे चालू.”

“आंध्राकडून मागणी,” मी म्हटलं, आणि मध्येच अडखळले. मॅडम थांबल्या. मी पुन्हा सुरुवातीपासून, नीट, म्हटलं.

मग आम्ही ठोक्यांची वाट पाहिली.

आले नाहीत.

मशीनची सूं सूं होती. खसाचा वास होता, आता इतका जवळ की मागे बघायची माझी छाती होईना. माझ्या उजव्या खांद्यापाशी शाल थोडी गार झाली, बस.

“सर…” मॅडमनी विचारलं. “दाबू का…?”

काही नाही.

“सर, दाबू की नको…?”

मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्या सावकाश म्हणाल्या, मला नाही, त्या अंधाराला, “ठीक आहे. हे मी ठरवते.” आणि दाबलं.

तेलंगणाच्या बाजूने सुनीताचं नाव घातलं. पिशवी दिसली. कर्नूल.

वर दत्तोबाने जनरेटर लावला असावा. दिवे फडफडून लागले, एसीची घरघर परत आली, आणि वास नाहीसा झाला. मॅडम उठून कपाटाच्या मागे गेल्या. मीही गेले, त्यांच्या पाठीला धरून. मागचं दार बंद. कुलूप तसंच, धूळ बसलेलं. उभं राहायला जागा तेवढी होती, आणि तिथे कुणी नव्हतं.

“चला अक्का,” त्या म्हणाल्या. “सुनीता वाट बघत असेल.”

जिना चढून वर आलो तर उन्हाने डोळे दिपले. मॅडमनी मला गाडीतून कोठीला सोडलं. दवाखान्यापाशी उतरताना मी म्हटलं, “शेवटचे दोन ठोके राहिले, मॅडम.”

“हौ,” त्या म्हणाल्या. “राहिले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नंबर पहिल्या मागणीला निघाला, कर्नूलची गाडी वेळेत आली, ऑपरेशनमध्ये ते रक्त लागलं, आणि सुनीताला मुलगी झाली. मायलेकी दोघी सुखरूप बाहेर आल्या. नर्सने बाळ माझ्या हातात दिलं आणि ती दार ओढून गेली. खोलीत झोपलेली सुनीता, बाळ आणि मी, एवढेच होतो. माझ्या शालीला खसाचा वास आला, आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर किल्लीचा ठोका पडला. एकच. तो ‘थांबा’ होता की राहिलेल्या दोनांतला पहिला, हे कळायला मी अजून दुसऱ्या ठोक्यासाठी थांबते.